कोठाराच्या किल्ल्या हाती घेताना

पुणे

चि. वसुधेस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. कारागृहाचे कोठार, स्वयंपाकघर आणि बाहेरच्या मक्तेदारांची सर्व कंत्राटे यांची देखरेख अधीक्षकांनी तुझ्याकडे सोपविल्याचे वाचून फार संतोष झाला. आपल्या खात्यातील पुष्कळ तरुण अधिकारी या कामाकडे तटबंदी, गस्त आणि झडती यांच्या मानाने दुय्यम, किंबहुना गुमास्तेगिरीचे काम म्हणून पाहतात. परंतु कारागृहाची शांतता त्यावर किती अवलंबून असते हे मी नोकरीभर पाहत आलो, आणि म्हणून हे पत्र थोडे लांबणार आहे.

बाजारात डाळ किडकी निघाली, तर गृहिणी दुसऱ्या दिवशी दुकान बदलते. भिंतीआडच्या माणसाला ते करता येत नाही. पैसे सरकार देते, माल मक्तेदार देतो, आणि जो खातो त्याची करारनाम्यावर सहीही नसते, संमतीही नसते. त्याच्या वतीने तराजूपाशी उभी राहणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे तू. १८९४ च्या तुरुंग अधिनियमाने हे नेमके जाणले होते: ज्या कायद्याने फटक्यांची शिक्षा सांगितली, त्याच कायद्याच्या नवव्या कलमाने अधिकाऱ्यांना बंद्यांशी देवघेव करण्यास आणि दहाव्या कलमाने कारागृहाच्या पुरवठ्याच्या कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध ठेवण्यास मनाई केली. परकीय राज्याच्या त्या कठोर कायद्यातील ही दोन कलमे मला आजही आदरणीय वाटतात.

येरवड्याची ती १८७१ सालची दगडी इमारत तू पाहिली आहेस. तेथे संध्याकाळची बंदी झाली, बराकींना कुलपे पडली आणि सर्व सर्कलांची गिनती जुळली, की तोच आकडा कोठाराकडे जाई. उद्या सुटणारे वजा, रुग्णालयातील पथ्यावरचे वेगळे, असा हिशेब होऊन पहाटेचे पीठ, डाळ आणि तेल त्यावरून मोजून निघे. एका बराकीत मावतील त्याहून कितीतरी अधिक माणसे निजत असताना पोळी हलकी झाली किंवा डाळीत पाणी वाढले, तर ती बातमी रात्रीपर्यंत साऱ्या तुरुंगात फिरते, आणि मग ज्या तंट्याचे कारण आपण चौकशीत दोन टोळ्यांच्या वैरात शोधतो, त्याचे मूळ अनेकदा ताटात असते. म्हणून पोती उतरताना स्वतः हजर राहा. वरच्या थरातले नव्हे, मधले एखादे पोते फोडायला सांग, निविदेसोबत सीलबंद ठेवलेला नमुना शेजारी उघड, डाळ तळहातावर घेऊन वास घे, आणि त्यानंतरच पावतीवर ‘नमुन्याप्रमाणे’ हा शेरा लिही. कमी भरलेले वजन तेथल्या तेथे पावतीवर उतरले नाही, तर महिनाअखेरीस बिलातून कपात करण्यास तुझ्यापाशी काही आधार उरत नाही. शिजलेले अन्नही रोज चाख. वाढपाच्या वेळी, भांड्याच्या तळाचे.

दुसरे असे की, मक्तेदाराची गाडी म्हणजे तटाला रोज पडणारे एक भगदाड आहे. दोन दरवाजांमधील जागेत ती उभी असताना दोन्ही दरवाजे एकाच वेळी उघडायचे नाहीत, हा नियम प्रत्येक शिपायास पाठ असतो; परंतु तोच चालक, तोच हमाल महिनोन्महिने येऊ लागला की ओळख वाढते, नमस्कार-चमत्कार होतात आणि झडती सैल पडते. गाडीबरोबर कोण येणार याची यादी मक्तेदाराकडून आगाऊ घे, आणि बदली माणूस आला तर गाडी बाहेरच थांबव, मग भाजी सुकली तरी चालेल.

आपल्याकडे सबंध तुरुंग मक्त्याने देण्याची प्रथा नाही, ही मला समाधानाची गोष्ट वाटते. इंग्लंडात बर्मिंगहॅमचे १८४९ साली बांधलेले कारागृह ऑक्टोबर २०११ मध्ये जी-फोर-एस या खासगी कंपनीकडे सोपविण्यात आले; चालू सरकारी तुरुंग असा खासगी हाती जाण्याचा तेथील तो पहिलाच प्रसंग. डिसेंबर २०१६ मध्ये तेथे मोठा दंगा झाला, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये मुख्य निरीक्षक पीटर क्लार्क यांनी जी स्थिती उजेडात आणली, मादक पदार्थांचा सुळसुळाट, घाण, मारहाण, आणि भीतीने स्वतःला कचेरीत कोंडून घेणारे कर्मचारी, ती पाहून सरकारला तुरुंगाचा ताबा घ्यावा लागला. पुढल्या वर्षी तो कायमचा सरकारकडे परत आला. मला यात सर्वांत दुःखद वाटते ते हे, की तिकडच्या १९९१ च्या कायद्यानुसार अशा प्रत्येक तुरुंगात कंपनीच्या संचालकावर नजर ठेवण्यासाठी सरकारचा नियंत्रक नेमलेला असतो. देखरेखीची व्यवस्था त्याच भिंतींच्या आत होती आणि तरी तुरुंग ढासळत गेला. क्लार्क यांनी कंपनीबरोबरच कंत्राटावर देखरेख करणाऱ्यांच्या निष्क्रियतेवरही बोट ठेवले. तक्ते भरले जाणे आणि बराकीत पाऊल पडणे या दोन गोष्टींत केवढे अंतर असते, ते मला या प्रकरणात दिसते.

तू लिहितेस की चालू कंत्राटांची मुदत मार्चअखेर संपते आहे. तेव्हा नव्या निविदेचा मसुदा वरिष्ठांकडे जाण्यापूर्वी त्यात दोन अटी घालून घे: नापास माल त्याच दिवशी मक्तेदाराने स्वखर्चाने बदलून द्यावा, आणि न दिल्यास कारागृहाने बाजारातून खरेदी करून फरक त्याच्या अनामतीतून वसूल करावा. करारावर सह्या झाल्यावर या अटी मागाहून घालता येत नाहीत. मसुद्याची नक्कल शक्य झाल्यास मला पाठव, मी वाचून ठेवतो.

तुझा,
आप्पाकाका