मागे काय लावायचं?

फोटो काढायला आलेलं माणूस आधी आरशात बघतं, केस सारखे करतं, मग कॅमेऱ्याकडे बघतं. आपल्या पाठीमागे काय टांगलंय याकडे त्याचं लक्ष नसतं. ती काळजी स्टुडिओवाल्याची. हल्ली ही काळजी बाजार परस्पर मिटवतो. छापील पडदे तयार मिळतात: धबधबा, आयफेल टॉवर, पांढऱ्या खांबांचा महाल, पुस्तकांनी भरलेलं कपाट. तोच धबधबा जळगावात, तोच सावंतवाडीत. फ्लॅश उडाला की फ्लेक्स चकाकतं आणि धबधब्याच्या मधोमध पांढरा डाग उमटतो.

पडद्याचं आणि फोटोचं नातं फार जुनं. १८३९ साली ज्याच्या नावाने फोटो काढायची रीत जगापुढे आली, तो लुई दागेर मुळात पॅरिसच्या रंगभूमीचे पडदे रंगवणारा. आपल्या कोल्हापूरचे बाबूराव आणि आनंदराव पेंटरही आधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत, मग सिनेमाकडे वळले. जुन्या स्टुडिओंतले पडदेही याच वळणाचे: राजवाडा, वळणाचा जिना, कमानीपलीकडचं तळं. पुढे फुलदाणीचं टेबल, आणि त्यावर कोपर टेकवून कडक इस्त्रीच्या कोटातले कुणाचे तरी पणजोबा. जिना खोटाच होता, पण हाताने रंगवलेला होता; त्यामुळे एका गावचा जिना दुसऱ्या गावच्या जिन्यासारखा नसे.

आमच्या स्टुडिओचा गाळा दहा बाय अठराचा. माणसाला पडद्यापासून चार-पाच फूट पुढे बसवावं लागतं, नाहीतर त्याची सावली मागे चिकटते. मग लाइटचे स्टँड, रिफ्लेक्टर, कॅमेरा आणि मी. एवढ्या जागेत महाल मावत नाही, आणि मला तो नकोही होता. मला हवं होतं असं काहीतरी, जे आमच्याच बाजूचं वाटेल आणि तरी चेहऱ्याच्या आड येणार नाही.

ते आठवडी बाजारात मिळालं. काळी घोंगडी. काळी म्हणायची, पण जवळून पाहिली की तिच्यात तपकिरी छटा, मधेच एखादा करडा केस, हाताला खरखरीत. वापरून मऊ पडलेली, कसर लागून एका कडेला दोन-चार भोकं पडलेली. ती टांगली, आणि लाइटचा उजेड पाण्यासारखा तिच्यात जिरला. चकाकी नाही, सुरकुती नाही. तिच्यापुढे आजोबांचा पांढरा फेटा असा उठून येतो की वेगळं काही करावं लागत नाही. मोकळ्या केसांची मुलगी बसली तर मात्र केस घोंगडीत हरवतात; मग मागून, खांद्याच्या वर, एक बारीक लाइट द्यावा लागतो. एका आजींनी आत येताच विचारलं, “अहो, भिंतीला ओल आलीय का? घोंगडी कशाला टांगलीत?”

दुसरा पडदा घरीच केला. मोठ्या पन्ह्याचं मांजरपाट, कारण जोड दिला की शिवण फोटोत दिसते. गच्चीवर ताणून खळ दिली, वर पातळ डिस्टेंपर, त्यात गेरू आणि चिमूटभर काळा. मग ओल्या स्पंजाने ठोकत जायचं, मध्ये उजळ, कडेला गडद. रंग एकसारखा बसवायचा मोह आवरायचा. आमच्याकडच्या जुन्या मातीच्या भिंती पावसाळ्यानंतर जशा दिसतात, तसा तो झाला आहे. लग्नाच्या शालूला तो चालतो, शाळेच्या गणवेशालाही. सोलापुरी चादर लावून पाहिली. ती माणसापेक्षा जास्त बोलते, म्हणून उतरवली.

घरातली वस्तू पडदा म्हणून टांगणं काही नवं नाही. मालीतल्या बामाको शहरात सेदू केता याने १९४८ साली स्टुडिओ थाटला, तेव्हा त्याचा पहिला पडदा म्हणजे त्याच्याच पलंगावरची झालरीची चादर. पुढे दर दोन-तीन वर्षांनी तो पडदा बदलत गेला, आणि मागच्या नक्षीवरून फोटो कोणत्या सालचा हे त्याला सांगता येई. फोटोग्राफर अर्व्हिंग पेनला १९५० मध्ये पॅरिसात नाटकाचा एक जुना पडदा मिळाला. तो त्याने पुढे आयुष्यभर वापरला. एकाने पडदे बदलले, एकाने सोडला नाही, पण दोघांच्याही फोटोत पडदा ओळखू येतो. छापील धबधब्याचं तसं होणार नाही, कारण तो कुणा एकाचा नाहीच.

तेव्हा स्टुडिओवाल्यांना एवढंच सांगणं: पडदा घडी घालून ठेवू नका, रंगाला भेगा पडतात, जाड पाइपावर गुंडाळा. मागच्या बाजूला मार्करने तो लावल्याचं साल लिहा, उतरवाल तेव्हा तेही लिहा. आणि गावातला एखादा जुना स्टुडिओ बंद होत असेल, तर कॅमेऱ्याचा भाव विचारण्याआधी माळ्यावर रंगवलेला पडदा पडलाय का, ते विचारा.