आवराआवर रोजचीच

दिवाळीच्या आधी आपल्या घरांत जी साफसफाई होते, ती धुळीसाठी उत्तम आहे. पंखे पुसले जातात, जळमटं निघतात, माळ्यावरची पितळी भांडी खाली येऊन चिंचेने लखलखीत होतात. पण धूळ आणि अडगळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धूळ काढायला हात पुरतात, अडगळ काढायला निर्णय घ्यावे लागतात. पुसण्याचं काम दिवसभर रेटता येतं, निर्णयांचं तसं नाही. म्हणून माळ्यावरचे खोके दरवर्षी खाली उतरतात, दोन-चार वस्तू भंगारात जातात आणि संध्याकाळी सगळे दमलेले असताना बाकीचं ‘बघू नंतर’ म्हणून पुन्हा वर चढतं. एरवी वर्षभर वस्तू घरात येतच असतात. कुरिअरचे खोके, आहेराची भांडी, हळदीकुंकवाचं वाण, मिठाईचे डबे, नव्या फोनबरोबर आलेली आणखी एक वायर. जे रोज येतं ते वर्षातून एकदा काढून कसं भागेल? घर आवरलेलं राहायचं असेल तर वस्तूंचं बाहेर जाणंही रोजचं आणि थोडंथोडकंच हवं, असं माझं ठाम मत आहे.

औषधांचा डबाच घ्या. बहुतेक घरांत तो असतो, बिस्किटांचा जुना पत्र्याचा नाहीतर श्रीखंडाचा प्लास्टिकचा. त्यात तापाच्या गोळ्या, तळाशी घट्ट झालेलं खोकल्याचं औषध, कोणाच्या तरी दाढदुखीतून उरलेल्या तीन गोळ्या, मधोमध पिळवटलेली मलमाची नळी. औषधवाल्याने पट्टी कात्रीने कापून दिलेली असते आणि मुदतीची तारीख नेमकी दुसऱ्या तुकड्यावर राहिलेली असते. ही पट्टी ठेवायची की टाकायची? नाव वाचायचं, कशासाठी आणली ते आठवायचं, ज्याची असेल त्याला विचारायचं. एका डब्यात असे वीस-पंचवीस प्रश्न असतात. रात्रीची जेवणं झाल्यावर तेवढा एकच डबा टेबलावर ओतला तर पंधरा-वीस मिनिटांत सगळ्यांचा निकाल लागतो. हाच डबा साफसफाईच्या दिवशी चाळिसावा म्हणून समोर आला, तर झाकण उघडून तसंच लावलं जातं. छोटं काम संपतं, हा त्याचा मोठा गुण आहे. संपलेलं काम उद्याच्या कामाला बळ देतं.

यावर पहिला आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांचा असतो, आणि त्याला वजन आहे. चांगली वस्तू टाकणं म्हणजे माज, लागेल कधीतरी. ज्यांनी रेशनच्या रांगा आणि १९७२चा दुष्काळ पाहिला, त्यांच्या तोंडी हे अनुभवाचे बोल आहेत. पण त्यांच्या घरांत वस्तू नुसत्या पडून राहत नसत, फिरत असत. लुगडं विरलं की त्याचं तान्ह्या बाळासाठी दुपटं होई, मग ते गोधडीच्या थरात जाई, गोधडी फाटली की तिचं पायपुसणं. जरा बऱ्या कपड्यांवर घासाघीस करून बोहारीण पातेलं देई. जपून ठेवण्यामागे पुढचं काम ठरलेलं असे आणि ते करणारे हात घरात किंवा दारात असत. आज बहुतेक शहरी घरांत गोधडी शिवणारं कोणी नाही, बोहारणीला सोसायटीच्या फाटकातून आत सोडत नाहीत, आणि ठेवून देण्याची सवय तेवढी मागे राहिली आहे. तिला काटकसर म्हणणं मला पटत नाही. घरात स्क्रूड्रायव्हर आहे पण सापडत नाही म्हणून दुसरा आणावा लागतो, तेव्हा पैसे वाचत नाहीत, जातातच. शिवाय जे आपलं झालं ते आपल्याला आहे त्यापेक्षा मोलाचं वाटतं. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना साधे कॉफीचे मग दिले. ते विकायला त्यांनी जी किंमत मागितली, ती घेणाऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. म्हणून ‘लागेल का?’ असं स्वतःला विचारलं की उत्तर नेहमी होच येतं. ‘आज दुकानात दिसली तर विकत घेईन का?’ असं विचारावं.

जागा मोठी असती तर हे झालंच नसतं, असंही म्हटलं जातं. पण मुंबईच्या गिरणगावातल्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसं राहत. सकाळी अंथरुणाच्या वळकट्या जागेवर गेल्याशिवाय तिथे स्टोव्ह पेटवायला जागा नसे, त्यामुळे आवरणं हे वेगळं काम न राहता दिवस सुरू होण्याचाच भाग होतं. उलट टोकाचा पुरावा लॉस एंजेलिसचा आहे. तिथल्या ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरांचा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी बारकाईने अभ्यास केला आणि २०१२ साली तो पुस्तकरूपाने आला. बहुतेक कुटुंबांच्या गॅरेजमध्ये सामान इतकं साठलेलं होतं की गाडी आत जात नव्हती.

आवराआवरीवर लिहिणाऱ्या जपानी लेखिका मारी कोंडो यांचा आक्षेप अधिक तात्त्विक आहे. त्यांच्या पुस्तकाचं म्हणणं असं की रोज थोडं आवरणारा माणूस जन्मभर आवरतच राहतो. तेव्हा एकदाच, सगळं, प्रकाराप्रकाराने करावं. यातलं ‘प्रकाराप्रकाराने’ मला पूर्ण मान्य आहे. आज हा कोपरा, उद्या तो खण, असं केलं तर एकच प्रकारची वस्तू चार ठिकाणी दडून राहते. घरातली सगळी झाकणं एका दिवशी ओट्यावर मांडली, प्रत्येकाला त्याचा डबा शोधला, की बिनडब्याची झाकणं आणि बिनझाकणाचे डबे आपोआप वेगळे पडतात. काम छोटंच, पण प्रकार पूर्ण. एकाच दमात सगळं करण्याला मात्र माझा विरोध आहे, कारण आपली घरं बहुधा एकट्याची नसतात. तीन पिढ्यांच्या घरात एका माणसाने आठवड्याभरात सगळं निकालात काढायचं, तर त्याला इतरांच्या वस्तूंचा निवाडाही करावा लागतो. त्यातून जी भांडणं होतात ती पसाऱ्यापेक्षा वाईट. आणि जन्मभर आवरावं लागण्यात कमीपणा कसला? भांडीही आपण जन्मभर रोज घासतो.

मला सगळ्यात अस्वस्थ करणारा आक्षेप वेगळाच आहे: रोजचं छोटं काम म्हणजे घरातल्या बाईच्या यादीत आणखी एक भर. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, स्वतःच्या घरातलं बिनपगारी काम जे करत होते त्यांच्यात स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, पुरुष ९७. आणि ते करणारे पुरुषच मुळात शंभरात सुमारे २६. तेव्हा ‘रोज पंधरा मिनिटं’ हा सल्ला तिलाच द्यायचा असेल तर तो न दिलेला बरा. एक अट घातली तरच तो न्याय्य ठरतो: ज्याची वस्तू, त्याचा निर्णय आणि त्याचेच हात. चार्जर ज्याने आणले त्याने वायरींचा गुंता सोडवावा, शाळेच्या वह्या मुलांनी निवडाव्यात. वर्षाची साफसफाई एकीच्या अंगावर पडते कारण ते एकच अवाढव्य काम असतं. पंधरा मिनिटांची कामं वाटून देता येतात, आणि ‘मला वेळ नाही’ हे उत्तर तिथे टिकत नाही.

गेलेल्या माणसाच्या वस्तू मी यातून वगळते. आजोबांचा चष्मा, आईच्या हातची लोणच्याची बरणी यांना रोजच्या कामाच्या यादीत घालू नये. त्यांचा दिवस त्यांचा त्यांनाच ठरवू द्यावा. पण प्रत्येक जुनी वस्तू आठवणीच्या नावाखाली तिथे सरकवता येणार नाही.

वस्तू घराबाहेर गेल्यावर तिचं काय होतं, याचाही विचार हवा. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था. २००८ पासून महापालिकेशी करार करून तिच्या सभासद घरोघरी कचरा गोळा करतात. सुका माल विकून येणारे पैसे त्यांच्या कमाईचा भाग असतात. दिवाळीच्या आठवड्यात फाटकाशी जो ढीग लागतो, त्यात फराळाचं तेल सांडलेले पुठ्ठे, फुटकी काच आणि कपडे एकत्र कालवलेले असतात. त्यातलं बरंचसं विकण्याजोगं उरत नाही. धुऊन वाळवलेल्या दोन बाटल्या आणि कोरडी, बांधलेली रद्दी एखाद्या मंगळवारी कचरावेचक बाईच्या हातात दिली, तर तिला तिचे पूर्ण पैसे मिळतात.