दव बाहेरचं, दव आतलं

जव्हारची थंडी ओली असते. नाशिकच्या थंडीने ओठ फुटतात, टाचा चिरतात. घाट उतरून मोखाड्याच्या बाजूला आलं की तीच थंडी अंगावर पाणी होऊन बसते. पावसाने हा मुलूख चार महिने झोडपलेला असतो. भात कापून झालं तरी खाचरांच्या बांधाशी ओल रेंगाळते, ओढ्यांच्या डोहांत पाणी टिकून असतं, आणि पश्चिमेला समुद्र सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटरवर. दिवसा आकाश निरभ्र, ऊन खरपूस. रात्री त्याच निरभ्र आकाशाकडे जमिनीची सगळी ऊब निघून जाते. उघड्यावर जे जे असेल, गवताचं पातं, घराचं कौल, मोटारसायकलची सीट, तंबूचं कापड, ते भोवतीच्या हवेहूनही गार होतं आणि हवेतली वाफ त्यावर थेंब होऊन उतरते. पौषातल्या पहाटे इथे सागाच्या पानांवरून टपटप सुरू होते, आणि झोपेतून उठलेल्या नव्या माणसाला बाहेर पाऊस पडतोय असंच वाटतं.

हिवाळ्यासाठी तंबू घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिल्यांदा विचारतो, ‘ऊबदार आहे ना?’ हा प्रश्न मला मुळातच चुकीचा वाटतो. तंबू ऊब देत नाही. ऊब देते ती अंगाखालची मॅट, अंगावरचं पांघरूण आणि निजण्याआधी पोटात गेलेली नागलीची गरम भाकरी. तंबूने वारा अडवायचा आणि ओल सांभाळायची. वारा अडवणं सोपं, कोणतंही कापड ते करतं. ओल सांभाळणं अवघड, कारण ती बाहेरून येते तशी आतूनही येते.

दोन माणसं बंद तंबूत रात्रभर निजली, तर त्यांच्या श्वासातून आणि घामातून मिळून अर्धा लिटरभर, कधी त्याहूनही जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. त्या वाफेला वाट मिळाली नाही, तर ती वर जाऊन गार कापडाला चिकटते. पहाटे विजेरी लावून छताकडे बघावं. सगळ्या कापडावर आधी नुसता धुरकट थर दिसतो. जरा जवळ गेलं की कळतं, ते मोहरीहून बारीक थेंब आहेत. दोन थेंब एकमेकांना भिडतात, जड होतात, शिवणीपर्यंत घसरतात, शिवणीच्या काठाने वाकलेल्या दांडीपाशी येतात, तिथे क्षणभर थांबतात आणि झोपलेल्याच्या कपाळावर पडतात. तंबू गळतोय म्हणून माणूस दुकानदाराला दोष देतो. बिचारं कापड अगदी शाबूत असतं. बाहेरचा थेंबही आत आलेला नसतो. भिजवलेलं असतं ते त्याच्याच श्वासाने.

म्हणून या मुलखासाठी तंबू दुहेरी कापडाचाच हवा. आतला तंबू वाफ आरपार जाऊ देणाऱ्या विरळ कापडाचा आणि जाळीचा. त्यावर बाहेरचं आवरण, ज्याला आपली ट्रेकर मंडळी फ्लाय म्हणतात, ते पाणी न झिरपणारं. दोन्हींच्या मध्ये वीतभर मोकळी जागा हवी आणि ती शेवटपर्यंत मोकळी राहायला हवी. वाफ जाळीतून बाहेर पडते, फ्लायला लागून तिचे थेंब होतात आणि ते फ्लायच्याच आतल्या अंगाने जमिनीवर ओघळतात. माणूस कोरडा राहतो. पण तणावे ढिले ठेवले की फ्लाय खाली झोळते, आतल्या कापडाला टेकते, आणि सगळं मुसळ केरात. रात्री दव पडलं की नायलॉन सैल होतं, तेव्हा निजण्यापूर्वी तणावे पुन्हा एकदा ओढून घ्यायला हवेत. थंडी वाजते म्हणून वरच्या झडपा बंद करण्याचा मोह होतो. तो आवरावा. वरची झडप उघडी आणि खालून चार बोटं हवा यायला जागा, एवढं असलं की रात्र सुखाची जाते.

महाग तो चांगला, असं समजून काही जण बर्फातला तंबू घेऊन येतात. त्याच्या दांड्या बर्फाचा भार पेलण्यासाठी असतात, कापड जाड आणि जाळी अगदी कमी, कारण वाऱ्याने उडणारा हिमकण आत शिरू नये. हिमालयात तो प्राण वाचवतो. जव्हारला पारा 10-12 अंशांपर्यंत उतरला म्हणजे गावात थंडीच्या गप्पा सुरू होतात. इथे तोच तंबू पहाटे आतून न्हाऊन निघतो. बाजारात तीन सीझनचा म्हणून मिळतो तो बरा. दांड्या ॲल्युमिनियमच्या, आणि तंबू खुंट्यांविना स्वतःच्या पायावर उभा राहील असा, कारण इथल्या माळांवर दोन बोटं मातीखाली काळा कातळ लागतो आणि खुंटी वाकते. मग दगडांना तणावे बांधावे लागतात. माणसं दोन असतील तर तंबू तिघांचा घ्यावा, म्हणजे भिजलेल्या कापडाला खांदा लागत नाही. थंडी कितीही असो, शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं आत घेऊ नये. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही आणि झोपलेल्याला उठू देत नाही.

तंबूइतकंच महत्त्व जागेला. जयसागर धरणाच्या काठी पाण्याला लागून तंबू मारावा असं कुणालाही वाटेल, पहाटे पाण्यावरून धुकं उठताना दिसतं म्हणून. पण गार हवा जड असते. ती रात्री उतारावरून घरंगळत खाली येते आणि खोलगटात साचते. वर पाण्याची वाफ. काठावरचा तंबू सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त भिजतो. टेकडीचा माथाही नको, तिथे वारा. मधला उतार निवडावा, पूर्वेकडे तोंड असलेला, म्हणजे पहिलं ऊन लवकर मिळतं आणि घडी घालायच्या आत कापड वाळतं. डोक्यावर झाड असेल तर फारच छान, कारण झाडाने आकाश झाकलं की त्याच्याखाली दव कमी पडतं. मोहाचं झाड चांगलं. आंब्याचंही, पण पौष सरला की त्याला मोहोर येतो आणि मोहोरावरच्या तुडतुड्यांचा चिकटा खाली गळतो. तो फ्लायवर बसला की धूळ आणि मुंग्या दोन्ही चिकटतात.

जव्हारजवळच्या शिरपामाळावर उभं राहिलं की मला इथल्या सर्वांत प्रसिद्ध हिवाळी मुक्कामाची आठवण होते. 1664 च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. त्याआधी, 1663 संपता संपता, त्यांची फौज या वाटेने गेली, माळावर त्यांचा मुक्काम पडला आणि जव्हारचे राजे विक्रमशहा त्यांना इथे भेटले, असं हा मुलूख पिढ्यानपिढ्या सांगत आला आहे. शिरपामाळ हे नावही त्या भेटीतल्या शिरपेचावरून पडलं असं मानतात. दिवस ऐन थंडीचे. भोवती रान. मोगली छावण्यांचं वर्णन वाचलं की डोळे दिपतात. ‘आईन-ए-अकबरी’ सांगते की बादशाही मुक्कामाचं सामान हलवायला 100 हत्ती, 500 उंट आणि 400 गाडे लागत. वेगावर जगणाऱ्या घोडदळाला असला पसारा कुठून परवडणार? शिरपामाळावर त्या रात्री किती राहुट्या उभ्या होत्या ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण सुरत अजून पुढे होती आणि अवजड डेरे घेऊन या डोंगरांतून तितक्या झपाट्याने कुणी गेलं नसतं. घोंगडी, शेकोटी आणि घोड्याच्या अंगाची ऊब यांवर बहुतेकांनी ती रात्र काढली असणार, असं मला या माळावरचं दव बघून वाटतं. घोंगडी भिजली तरी ऊब धरते. लोकरीचा हा गुण त्या माणसांना कुणी शिकवायला नको होता.

तरीही या हवेला खरा जाब दिला आहे तो इथल्या घरांनी. खोडाळ्याकडच्या एका पाड्यावर मी एका काकूंकडे उतरले होते. तंबू पाठीवर होता, पण त्यांनी तो सोडूच दिला नाही. “बाहेर कशाला भिजतेस बाय, आत नीज.” आत भिंतीशी माझं अंथरूण पडलं. ती भिंत मी सकाळच्या उन्हात निरखून पाहिली. कारवीच्या बोटाएवढ्या काठ्या एकीला एक लावून उभ्या बांधलेल्या, मध्ये आडव्या कांबींनी आवळलेल्या. वर शेणमातीचं लिंपण. खालच्या बाजूला लिंपण जाड आणि वारंवार सारवलेलं. जसजशी नजर वर जाते तसतसं ते पातळ होत जातं, आणि वळचणीपाशी कारवी उघडीच. तिथून उन्हाच्या बारीक रेषा आत आलेल्या. दर सात वर्षांनी ही कारवी फुलते आणि मग सुकते. कुडासाठी ती रानातून आणायची. निजलेल्या माणसाच्या उंचीपर्यंत भिंत वारा अडवते, त्याच्या वर श्वास घेते. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून निघून जातो, जाताना वरची ओल सुकवतो, आढ्याला लटकवलेली बियाण्याची कणसं राखतो. रात्रभर माझ्या अंगावर थेंब पडला नाही. जाळीचा आतला तंबू आणि वरची झडप यांत नव्या कारखान्यांनी जे साधलं, ते इथे कारवी आणि शेण यांत कधीचं साधलेलं आहे. मला या घराबद्दल मनापासून आदर वाटतो. घरकुल बांधताना त्यावर पत्रा चढतो, भिंती सिमेंटच्या होतात, पावसाळ्याची चिंता मिटते. पण हिवाळ्यातल्या पहाटे तोच पत्रा आतून घामेजतो, हेही काकूंनीच दाखवलं. शेजारचं नवं घर होतं.

त्या नव्या घराला मात्र कुलूप होतं. दिवाळी झाली की इथल्या पाड्यांवर टेम्पो लागतात. मुकादमाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते. मग नवरा, बायको, पोरं, भांडी, कोंबड्या असं सगळं बिऱ्हाड वसई, भिवंडी, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर निघतं. मागे म्हातारी माणसं राहतात. शहरातले लोक तंबू घेऊन जव्हारला येतात ते याच महिन्यांत. ज्या कुटुंबांना या थंडीत कसं निजावं हे सर्वांत चांगलं ठाऊक आहे, ती हा हिवाळा स्वतःच्या कुडाच्या घरात काढू शकत नाहीत.

भट्टीवरच्या झोपड्या मी आत जाऊन पाहिल्या आहेत. कच्च्या-पक्क्या विटा मातीशिवाय एकावर एक रचून कमरेएवढ्या भिंती, वर काठ्यांची चौकट, त्यावर प्लास्टिकचा कागद, कुठे थोडा पेंढा. वाकूनच आत जावं लागतं. हंगाम संपला की भिंतीच्या विटाही ट्रकमध्ये चढतात. भट्ट्या बहुधा नदी-खाडीच्या कडेला, सखल जागी, मातीच्या आणि पाण्याच्या सोयीने; म्हणजे जिथे गार हवा आणि धुकं साचतं नेमकी तिथेच. एकेरी प्लास्टिकखाली चार-पाच माणसं निजतात. पहाटे त्या कागदाच्या आतल्या बाजूला मी तेच थेंब पाहिले, तसेच भिडणारे, तसेच घसरणारे. खाली एक तान्हं मूल गोधडीत होतं आणि गोधडीचा वरचा पदर ओला होता. आई म्हणाली, “रोजच भिजते, दिवसा वाळवते.” थंडीत पोरांची छाती भरते ती कशाने, याचं निम्मं उत्तर मला त्या गोधडीत दिसलं.

आणि यावरचा उपाय कुठे दूर नाही. प्लास्टिकच्या खाली वीतभर अंतर सोडून पेंढ्याचा दाट थर बांधला, तर थेंब पेंढ्यात मुरतात, खाली पडत नाहीत. समोरासमोरच्या दोन्ही भिंतींत छताजवळ एकेक विटेची जागा मोकळी सोडली, तर वाफेला वाट मिळते. जमिनीवर पेंढा आणि त्यावर जाड ताडपत्री अंथरली, तर खालची ओल अंगाला लागत नाही. हे त्या बायकांना माझ्याहून चांगलं कळतं. त्यांच्या आयांनी कुड बांधले आहेत. त्यांच्याकडे नसतो तो पेंढा, कारण तो भट्टीवर विकत घ्यावा लागतो, आणि नसतो तो एक दिवस, कारण टेम्पोतून उतरल्याच्या दुसऱ्या पहाटे माती कालवायला उभं राहायचं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की उचल देताना मुकादमाने आणि भट्टीमालकाने प्रत्येक बिऱ्हाडामागे दोन चांगल्या ताडपत्र्या, झोपडीपुरता बांबू, बैलगाडीभर पेंढा आणि घर उभारायला पगारी दोन दिवस द्यावेत, आणि ही रक्कम उचलीतून कापू नये. कामगार खात्याची माणसं भट्टीवर तपासणीला येतील तेव्हा त्यांनी हजेरीपट बघावाच. त्याआधी पहाटे पाचला येऊन एका झोपडीच्या छताला आतून हात लावून बघावा.