पाच घोटांची बेरीज

नाशिकजवळ एका कुटुंबाच्या द्राक्षमळ्यावर आम्ही पाच वाइन चाखल्या. शेनिन ब्लांपासून शिराझपर्यंत, प्रत्येकी साधारण ३० मिली. एवढ्याशाने काय होतंय, असं तुम्हालाही वाटेल. पण पाचांची बेरीज १५० मिली, म्हणजे पुरता एक ग्लास. १२ टक्क्यांच्या वाइनमध्ये एवढ्यात सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल असतं.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेत असाल, तर उपाशीपोटी तेवढ्यानेही साखर उतरू शकते. घाम, थरथर, चक्कर आली की सोबतचे म्हणतात, "चढली वाटतं!" आणि साखर द्यायची वेळ निघून जाते.

म्हणून आधी जेवा, सोबतच्यांना आजार सांगून ठेवा. चव जिभेला आणि नाकाला कळते. गिळायलाच हवं असं नाही. टेबलावरचं थुंकण्याचं भांडं त्यासाठीच असतं.