कोन मिटण्याआधी

काचबिंदू बहुधा चोरपावलांनी येतो. नजर कडेकडेने आक्रसत जाते आणि रोग्याला वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही. त्याचा एक प्रकार मात्र एका रात्रीत डोळा घेतो. बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यामागे तयार होणारे पाणी बाहुलीतून पुढे येते आणि तो पडदा व बुबुळ जिथे मिळतात, त्या कोनातल्या जाळीतून निचरते. ज्यांचा डोळा मुळात आखूड, नेत्रभिंग जाड आणि पुढची पोकळी उथळ असते, त्यांची बाहुली अर्धवट विस्फारली की पडदा भिंगाला चिकटून बसतो. मागे पाणी तुंबते, पडदा पुढे फुगतो आणि मोरीच्या तोंडावर फडके बसावे तसा कोन मिटतो. एरवी पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर असणारा डोळ्यातला दाब ५०-६०च्या घरात जातो. डोळा लालभडक होतो, डोके ठणकते, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये हे अधिक आढळते.

या झटक्यानंतर कुणाचा डोळा वाचेल आणि कुणाचा जाईल, हे आधी सांगता यावे म्हणून जैविक खुणांचा शोध चालू आहे. झटका आलेल्या डोळ्यातल्या पाण्याचा थेंब तपासला तर इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८, व्हीईजीएफ अशी दाहाशी आणि रक्तवाहिन्यांशी निगडित प्रथिने वाढलेली सापडतात. रक्ताच्या साध्या तपासणीतले न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पेशींचे गुणोत्तरही अशा रुग्णांत चढलेले दिसते. हे संशोधन मोलाचे आहे. या आजाराकडे आपण फार काळ नुसती दाबाची भानगड म्हणून पाहत आलो. त्यात दाह किती खोल असतो, हे या खुणांनी दाखवून दिले. तरीही माझे मत असे, की बीडसारख्या जिल्ह्यात डोळ्याचे भवितव्य सर्वांत खात्रीने सांगणारी खूण प्रयोगशाळेत सापडत नाही. दुखणे सुरू झाल्यापासून दाब उतरेपर्यंत किती तास गेले, हीच ती खूण. आपली सगळी कारागिरी ते तास कमी करण्यात लागली पाहिजे.

दाब चढलेला राहतो तोवर पडद्याच्या स्नायूला रक्त पोहोचत नाही, त्याचे तुकडे वाळतात, भिंगावर राखाडी ठिपके उमटतात, कोनात पडदा कायमचा चिकटत जातो आणि दृष्टीची नस दबते. दाहाची प्रथिने याच होरपळीतून वाढतात, म्हणजे ती बव्हंशी गेलेल्या वेळेचीच सावली असतात. रक्तातल्या गुणोत्तराची गोष्ट तर आणखी नाजूक. नुसत्या वेदनेने आणि उलट्यांनीही न्यूट्रोफिल वाढतात. गावात 'डेक्सा' या स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊन आलेल्या रुग्णात ते वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. म्हणजे आपण मोजतो डोळ्याचा दाह आणि आकडा सांगतो आदल्या रात्रीच्या इंजेक्शनची हकिगत. आपल्याकडचे बरेच रुग्ण असे काही ना काही घेऊनच मोठ्या दवाखान्यात पोहोचतात. अशा ठिकाणी या आकड्यावर उपचार ठरवणे धोक्याचे आहे.

यावर कुणी म्हणेल, मग या खुणांचा उपयोगच नाही का? आहे, आणि तो न मोजताही पदरात पाडून घेता येतो. झटक्यानंतर डोळा आतून धुमसत असतो हे एकदा कळले, की दाब उतरल्यावरही स्टेरॉइडचे थेंब का टाकायचे आणि लाल, तापलेल्या डोळ्यावर निचऱ्याची शस्त्रक्रिया घाईने केली तर वण धरून ती का बुजते, हे समजते. बाहुली आकुंचवणारा पायलोकार्पिनचा थेंबही आधी कामाला येत नाही. दाब फार चढलेला असताना बाहुलीचा स्नायू रक्ताविना लुळा पडलेला असतो. म्हणून आधी अ‍ॅसिटाझोलामाइड, टिमोलॉल, गरज पडली तर हृदय आणि मूत्रपिंड पाहून शिरेतून मॅनिटॉल, आणि दाब उतरू लागल्यावर पायलोकार्पिन. हा क्रम ज्याच्या हातात बसला, त्याने खुणांच्या संशोधनाचे सार घेतले असे मी म्हणेन.

बीडमध्ये तास कुठे जातात ते पाहू. दसरा-दिवाळीनंतर उचल घेतलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. गावात म्हातारी माणसे आणि नातवंडे उरतात. या आजाराचे वय नेमके त्या घर राखणाऱ्या आजीचे. रात्री तिचे डोके ठणकले, उलट्या झाल्या, तर तिला पित्त खवळल्याची किंवा अर्धशिशीची गोळी मिळते. पोट दुखते म्हणाली तर डायसायक्लोमिन मिळते, आणि तिचा कोन आधीच अरुंद असेल तर ते औषध बाहुली आणखी विस्फारू शकते. फडावर गेलेल्यांत अशी बाई असली तर कोपीतून दवाखाना आणखी लांब. मोतीबिंदू 'पट्टा पडल्यावर (ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर) काढू' किंवा 'पिकू द्या, मग काढू' म्हणून राहतो. तो फुगला की पडद्याला पुढे ढकलून हाच प्रकार घडवतो. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय किंवा बीडचे जिल्हा रुग्णालय रस्त्याने काही तासांवर आहे. आष्टी-पाटोद्याकडचा माणूस अहिल्यानगर गाठतो. पण हा आजार पोटाचा नसून डोळ्याचा आहे, हे कुणाच्या तरी ध्यानात येईपर्यंत दिवस उलटतात.

ते ध्यानात आणायला लागते ती एक बॅटरी आणि दोन बोटे. रुग्णाला खाली पाहायला सांगून मिटत्या पापणीवर दोन्ही तर्जन्या आळीपाळीने हलक्या दाबाव्यात. दुखरा डोळा दुसऱ्यापेक्षा टणक लागतो. बाहुली मध्यम मोठी, किंचित लांबट, प्रकाश टाकला तरी न हलणारी. बुबुळ वाफ धरल्यासारखे धुरकट. मग दुसरा डोळा. कानशिलाकडून बॅटरी आडवी धरावी. उजेड नाकाकडच्या बाजूपर्यंत सरळ पोहोचला तर पोकळी खोल. नाकाकडच्या अर्ध्या पडद्यावर सावली पडली तर उथळ.

या परीक्षेवर दोन आक्षेप येतात. पहिला, बॅटरी चुकते. खरे आहे. कोन उघडा की मिटलेला हे गोनिओस्कोपच्या भिंगातून पाहिल्याखेरीज ठरत नाही, आणि ते काम नेत्रतज्ज्ञाचेच. पण बॅटरीने निदान करायचे नसते. रुग्ण आज रात्रीच पाठवायचा की नाही एवढेच ठरवायचे असते. दुसरा आक्षेप असा, की उथळ दिसलेल्या प्रत्येक डोळ्याला लेसर करत, म्हणजे पडद्याला पाण्याच्या वाटेसाठी बारीक छिद्र पाडत सुटायचे का? नाही. ग्वांगझौ इथल्या ८८९ माणसांच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका डोळ्याला लेसर आणि दुसऱ्याला काही नाही, असे करून सहा वर्षे पाहिले. लेसर केलेल्या १९ आणि न केलेल्या ३६ डोळ्यांत कोन मिटण्याचा आजार उमटला. लेसरने धोका घटतो, पण मुळात धोकाच इतका थोडा, की सरसकट लेसरला आधार राहत नाही. एका डोळ्याला झटका येऊन गेलेल्या माणसाचा दुसरा डोळा मात्र या हिशेबात बसत नाही. तसाच सोडला तर पाच वर्षांत जवळपास निम्म्यांना त्यातही झटका येतो. त्याला लेसर वेळेत व्हायलाच हवा.

झटका आलेल्या डोळ्याचे कामही लेसरने संपत नाही. सिंगापूरच्या २००४ सालच्या अभ्यासात झटक्यानंतर ४ ते १० वर्षांनी तपासलेल्या ९० माणसांपैकी जवळपास निम्म्यांच्या नसेवर काचबिंदूची इजा होती आणि १६ जणांचा तो डोळा आंधळा झाला होता. हाँगकाँगच्या २००८ सालच्या चाचणीत लवकर भिंग काढलेल्या ३.२ टक्के डोळ्यांत दीड वर्षात दाब पुन्हा चढला. नुसता लेसर केलेल्यांत ४६.७ टक्के. जाड भिंग हेच मूळ असेल तर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हाच पक्का इलाज ठरतो, आणि ती आपल्या जिल्ह्यात रोज होते. फक्त सुजलेल्या डोळ्यात ती अवघड जाते, म्हणून अनुभवी हात आणि दाह शमेपर्यंतचा धीर लागतो. डोळा शांत झाला म्हणून रुग्णाने येणे थांबवू नये, हे घरच्यांनाही बजावले पाहिजे.

प्रयोगशाळांनी खुणा शोधत राहावे. उद्या त्यांतली एखादी उपयोगी पडेलही. आज गावातल्या डॉक्टरांना, आशाताईंना आणि औषधाच्या दुकानात बसणाऱ्यांना एवढीच विनंती, की पन्नाशीपुढच्या बाईचे डोके ठणकत असेल, उलट्या होत असतील आणि एक डोळा लाल असेल, तर पित्ताची गोळी देण्याआधी त्या डोळ्यावर बॅटरी धरा. बाहुली हलली नाही तर सकाळची वाट पाहू नका, १०८ला फोन करा. ऊसतोडीला निघणाऱ्यांची आरोग्य तपासणी जिथे होते, तिथे मागे राहणाऱ्या आजीलाही बोलवा आणि तिच्या डोळ्यावरही बॅटरी धरा.