गरम झाला की थकणारा ट्रॅक्टर

गिअरचा ट्रॅक्टर बिघडला की सगळ्या वाड्याला कळतं. दात तुटला तर कडकड ऐकू येते, क्लच घासला तर जळका वास सुटतो. आमच्या गोव्यात शेतात पॉवर टिलर अडला, तर बांधावरचा शेजारीही दुरूनच ओरडतो, "बेल्ट गेलो मरे!" हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टरचं तसं नाही. तो मुकाट्याने थकतो. इंजिन ठणठणीत चालू असतं आणि चाकं मात्र ओढायचं नाव घेत नाहीत.

माझ्या आईचं माहेर उज्जैनचं. उज्जैन ही ग्वाल्हेरच्या आधीची शिंद्यांची राजधानी, तिथलं गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं. त्या काळात माळव्यात गेलेली मराठी घरं अजून तिथे आहेत, आमच्या मामांचं त्यातलंच एक. गावाबाहेर त्यांची पेरूची बाग आहे आणि बागेत एक छोटा जुना परदेशी ट्रॅक्टर. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात त्यांनी तो घेतला आणि पदरचे पैसे घालून नवा केला. हा हट्ट हौसेचा नव्हता. मामांचा डावा गुडघा कामातून गेलाय, क्लच दाबणं त्यांना जमत नाही. या ट्रॅक्टरला चालताना क्लच लागतच नाही. एक दांडी पुढे केली की पुढे, मागे ओढली की मागे. शहात्तराव्या वर्षी हा माणूस आपल्या बागेत स्वतः गवत कापू शकतो तो या दांडीच्या जोरावर.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो. इंजिन एक पंप फिरवतं. पंपात छोटे दट्टे असतात आणि त्यांच्यासमोर एक तबकडी. तबकडी सरळ असेल तर दट्टे तेल ढकलत नाहीत, गाडी उभी. दांडीने तबकडी तिरपी केली की तेल दाबाने मोटरकडे जातं आणि मोटर चाकं फिरवते. दुसऱ्या बाजूला कलवली की रिव्हर्स. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युद्धनौकांवरच्या तोफा वळवायला ही युक्ती वापरली गेली. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टरने ती ६५६ या शेतीच्या ट्रॅक्टरवर आणली. म्हणजे दांडीपासून चाकापर्यंत जोर पोचवायचं मुख्य काम तेल करतं. तेल बिघडलं की सगळं बिघडलं.

तर मामांचा ट्रॅक्टर सकाळी छान चाले. अर्ध्या तासाने चढावर मंदावे आणि उन्हं तापली की सपाटीवरही रडत जाई. दोन कारागिरांनी पाहून एकच निकाल दिला : पंप गेला, पार्ट मिळणार नाहीत, भंगारात घाला. मामा काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून त्यांनी बागेत जाणं सोडलं. मामींनी मला फोन केला तो ट्रॅक्टरसाठी नव्हे, मामांसाठी.

मी गेलो तोवर मामींनी आगर रोडकडच्या एका उस्तादांना बोलावलं होतं. या गृहस्थांनी पहिला तासभर पाना हातात घेतला नाही, नुसते प्रश्न विचारले. "ठंडे में खींचता है? आगे-पीछे दोनों में कमज़ोर है, या एक ही तरफ़?" प्रश्न साधे, पण प्रत्येकाने एकेक शक्यता बाद होत होती. एकाच दिशेला कमजोर असेल तर त्या बाजूचा व्हॉल्व्ह किंवा दांडीची जोडणी तपासायची. दोन्हीकडे असेल तर दोष सामाईक गोष्टीत : बेल्ट, तेल, फिल्टर, बायपास. गार असताना ठीक आणि गरम झाल्यावर कमजोर, म्हणजे तेल पातळ होऊन दट्ट्यांच्या फटींतून परत गळतंय. गळतीने उष्णता वाढते, उष्णतेने तेल आणखी पातळ होतं. चक्र सुरू!

मग बाहेरून आत, स्वस्ताकडून महागाकडे तपास. ट्रॅक्टर ढकलता यावा म्हणून असलेला बायपास पूर्ण बंद आहे? होता. बेल्ट घसरतोय? नाही. ब्रेक धरून बसलाय? नाही. तेल काढून काचेच्या ग्लासात धरलं. दुधाळ असतं तर पाणी, फेसाळ असतं तर हवा. तेल स्वच्छ होतं, पण फारच पातळ. यंत्राच्या पुस्तिकेत जाड इंजिन ऑइल सांगितलेलं, आणि नवा करताना कोणीतरी साधं हायड्रॉलिक तेल ओतलेलं. शेवटी उस्तादांनी पंपावरचा पंखा पाहिला. दोन पाती तुटलेली. पंपाच्या घराला गार ठेवणाऱ्या पट्ट्यांवर नव्या चकचकीत रंगाचे थर आणि त्यांवर काळ्या मातीची खपली. उज्जैनच्या मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि या बिचाऱ्या पंपाला वाराच नव्हता.

पट्ट्या खरवडल्या, पंखा बदलला, तेल आणि फिल्टर नवे घातले. मग हवा काढणं. मागची चाकं जमिनीवरून उचलून, बायपास उघडा ठेवून दांडी पाच-सहा वेळा सावकाश पुढे-मागे. बायपास बंद करून पुन्हा तेच. तेलाची पातळी घटली तेवढी भरली. ही पायरी गाळली तर नव्या तेलातही हवा राहते आणि पंप कण्हायला लागतो.

ट्रॅक्टर पूर्वीसारखा झाला का? अगदी नाही. पंप थोडा झिजलाय हे खरंच, भर दुपारी चढावर तो अजून दमतो. पण दोन-अडीच तास नीट काम करतो. मामा आता सकाळी सहाला बागेत असतात आणि ऊन चढायच्या आत घरी.

तिथे असताना एक संध्याकाळ वेधशाळेत गेलो. सवाई जयसिंगांची ती वेधशाळा मोडकळीला आली होती. १९२३ च्या सुमारास माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने तिचा जीर्णोद्धार झाला आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. तो जीर्णोद्धार पुन्हा वेध घेता यावेत म्हणून होता. नुसती भिंत सारवून ते साधलं नसतं, सम्राट यंत्राच्या अंशांच्या खुणा बरोबर हव्यात. तिथली सावली आजही उज्जैनची स्थानिक वेळ दाखवते, ती घड्याळाच्या साधारण २७ मिनिटं मागे. सूर्याच्या चालीप्रमाणे त्यात थोडी भर-घट होते, म्हणून शेजारी दुरुस्तीचा तक्ता लावलेला असतो. तक्ता न वाचता घड्याळ बघणारा माणूस म्हणतो, यंत्र चुकतंय.

मामांचा ट्रॅक्टर रंगवणाऱ्याने रंग मन लावून दिला होता, यात शंका नाही. फक्त त्या पट्ट्या कशासाठी आहेत, हे त्याने कोणाला विचारलं नव्हतं. तुमच्याकडे असं जुनं यंत्र असेल आणि कोणी 'पंप गेला' म्हणालं, तर आधी एवढंच विचारा : गार असताना ओढतो का? दोन्हीकडे ओढतो का? तेल कुठलं आहे आणि त्याला वारा लागतो का? पंप उघडायची गोष्ट त्यानंतर.