जीभ दाखव!

बदलापूरच्या माणसाला जांभळाचं कौतुक सांगायला नको. पण आमच्या घरात या फळाने न्यायखात्याचंही काम केलेलं आहे.

माझ्या लहानपणी उल्हास नदीच्या अंगाला जांभळाची झाडं पुष्कळ होती. झाडं होती त्या अर्थी त्यांना मालक होते, आणि मालक होते त्या अर्थी आम्हां पोरांना मनाई होती. जूनच्या सुरुवातीला भर दुपारी आम्ही तिकडे पसार व्हायचो आणि तिन्हीसांजेला साळसूद चेहऱ्याने घरी परतायचो. आई दारातच उभी. चौकशी नाही, आरडाओरडा नाही. फक्त दोन शब्द: "जीभ दाखव!"

जीभ अर्थातच निळीजांभळी असे. एकदा मी नवीन बचाव काढला. म्हटलं, "आई, मी खाल्ली नाहीत. बंडूने जबरदस्तीने माझ्या तोंडात कोंबली."

आई शांतपणे म्हणाली, "कोंबली असतील. पण तोंड कुणाचं होतं?"

पुढे कितीतरी वर्षांनी मला कळलं, की खेळांतल्या उत्तेजक द्रव्यांविषयी जगभर जो कायदा चालतो, त्याचं सार आईच्या या एका वाक्यात आहे. खेळाडूच्या शरीरात जे सापडेल, त्याची जबाबदारी खेळाडूची. कुणी दिलं, कधी दिलं, ते त्याने सिद्ध करायचं.

हे कळलं ते 2016 साली, नरसिंग यादवमुळे. मुंबईत जोगेश्वरीला वाढलेला हा मल्ल. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला. 2015 मध्ये लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून त्याने रिओ ऑलिंपिकमधली 74 किलो गटाची जागा देशाला मिळवून दिली. हेलसिंकीला 1952 साली खाशाबा जाधवांनी आणलेल्या कांस्यपदकाची आठवण आपल्याकडे अजून ताजी; त्यामुळे आमच्या लोकलच्या डब्यात नरसिंगचं पदक आम्ही जवळजवळ वाटूनच टाकलं होतं.

आणि रिओ तोंडावर आलं असताना बातमी आली. 25 जून आणि 5 जुलैला घेतलेल्या त्याच्या नमुन्यांत मेथँडिएनोन सापडलं होतं. हे स्नायू वाढवणारं एक स्टेरॉइड. नरसिंगचं म्हणणं असं, की माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी हे मिसळलं. देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या समितीने 1 ऑगस्टला ते मान्य करून त्याला मोकळं केलं. जागतिक संस्था मात्र वरच्या क्रीडा लवादाकडे गेली. त्याची कुस्ती 19 ऑगस्टला होती. 18 ऑगस्टला लवादाने निकाल दिला. घातपाताचा पुरावा नाही, चार वर्षांची बंदी. पोरगा रिओत पोचला होता, पण आखाड्यात उतरलाच नाही.

आमच्या डब्यात त्या दिवशी वकील नव्हता असा एकही माणूस नव्हता. मी तर सर्वांत मोठ्याने ओरडत होतो, "घातपात! सरळसरळ घातपात!" पुरावा? पुरावा एवढाच, की पोरगा आपला होता.

आता एक कबुली देतो. त्याच उन्हाळ्यात रशियाच्या ॲथलेटिक्स संघाला रिओची दारं बंद झाली होती. तेव्हा त्याच डब्यात, त्याच खिडकीशी बसून मीच म्हणालो होतो, "एकजात सगळे घेत असणार." कागदपत्रं मी दोन्ही वेळा वाचली नव्हती.

असाच एक किस्सा अमेरिकेतल्या माझ्या मामेभावाचा. तिकडे बेसबॉलचं वेड आपल्या क्रिकेटइतकंच. 1998 साली मार्क मॅग्वायर नावाच्या खेळाडूने एका मोसमात 70 होमरन ठोकले. 1961 पासूनचा 61 चा विक्रम मोडला. आमच्या बंधुराजांनी कात्रणं पाठवली, आम्हीही इथे बसून माना डोलावल्या. त्याच मोसमात एका बातमीदाराला मॅग्वायरच्या कपाटात अँड्रोस्टेनडायोनची बाटली दिसली होती. तेव्हा ती बेसबॉलमध्ये निषिद्ध नव्हती. पण लोक चिडले ते त्या बातमीदारावर! दुसऱ्याच्या कपाटात डोकावतोस? मग 2010 साली मॅग्वायरने स्वतःच स्टेरॉइड घेतल्याचं कबूल केलं. आणि 2001 मध्ये 73 होमरन मारणारा बॅरी बाँड्स? त्याने जाणूनबुजून घेतल्याचं कधी कबूल केलं नाही. पण पत्रकारांच्या मतदानात दहा वर्षांत तो थोरांच्या दालनात काही पोचला नाही. शंका त्याच्या आधी दारात जाऊन उभी राहिली होती.

हे सारं मी मोठ्या शहाणपणाने सांगत असे, या वर्षापर्यंत. या वर्षी कपाट आमच्याच घरातलं निघालं.

आमचे चिरंजीव वीस वर्षांचे. गेल्या पावसाळ्यापर्यंत काडी पहिलवान. मग स्टेशनजवळच्या एका जिममध्ये जाऊ लागले आणि चार महिन्यांत सदऱ्याच्या बाह्या दंडात अडकू लागल्या. मला काय वाटलं असेल? शंका? छे! अभिमान. आल्यागेल्याला मी हाक मारून दाखवायचो, "अरे, काकांना जरा दंड दाखव." डाळभातावर चार महिन्यांत असे दंड येत नाहीत, हे दंड-बैठका काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं. पण आवडत्या गोष्टीला प्रश्न कोण विचारतो?

एका रविवारी शेजारचे काका सहज म्हणाले, "काय हो, औषधंबिवषधं घेतो की काय?" त्या रात्री, तो झोपल्यावर, मी चोरासारखी त्याची पिशवी उघडली. प्रोटीन पावडरीचा डबा निघाला, आणि खाली कागदाच्या पुडीत काही सुट्या गोळ्या. नाव नाही, गाव नाही.

सकाळी पुडी टेबलावर ठेवून मी गरजलो, "हे काय आहे? कुणी दिलं? लोक काय म्हणतील?"

तो पांढराफटक पडला. म्हणाला, "सरांनी दिल्यात, बाबा. ताकदीच्या आहेत म्हणाले."

"कसल्या?"

"माहीत नाही."

मला संताप आला, पण खोटं बोलत असल्याचा भास झाला नाही. त्याला खरंच माहीत नव्हतं. आणि मला तरी काय माहीत होतं? ओळखीच्या केमिस्टने पुडी उलटीसुलटी केली आणि सुट्या गोळीवरून काही सांगता येत नाही म्हणून परत दिली.

तेवढ्यात सौ. स्वयंपाकघरातून हात पुसत आली. पुडीकडे तिने बघितलंही नाही. मुलाजवळ बसून विचारलं, "त्रास काही होतोय का रे?"

मग हळूहळू बाहेर आलं. पाठभर पुटकुळ्या उठल्या होत्या, झोप येत नव्हती, चिडचिड होत होती. आम्हांला सांगायची लाज वाटत होती. दुपारीच आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं आणि समजावलं, की असल्या गोळ्यांत पुरुषी संप्रेरकाची कृत्रिम भावंडं असू शकतात. ती बाहेरून आली, की शरीर आपलं स्वतःचं संप्रेरक बनवणं कमी करतं, आणि यकृतावर ताण पडतो तो वेगळाच. नशिबाने यकृत ठीक निघालं. गोळ्या बंद झाल्या, ती जिमही सुटली. दंड थोडे उतरले आहेत. मी आता ते कुणाला दाखवत नाही.

नरसिंगने काय केलं, काय केलं नाही, याचा निवाडा लवादाने दिला. त्यात मी भर घालणार नाही. पण माझ्या स्वतःच्या शंकेचा निवाडा मात्र मी केला आहे. परक्यावर ती धावून जाते, आपल्या लाडक्यापुढे डोळे मिटते आणि शेजाऱ्याने डिवचलं, की मध्यरात्री पिशव्या उचकते. अशा शंकेला न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवू नये.

आईच्या त्या न्यायदानाचा उत्तरार्ध मी इतकी वर्षं विसरलो होतो. "तोंड कुणाचं होतं?" एवढं विचारून ती थांबत नसे. माझी जांभळी जीभ बघून झाली, की मला आत ओढून घ्यायची, पोटावर हात ठेवायची आणि म्हणायची, "किती खाल्लीस रे? दुखत नाही ना?"

पहिला प्रश्न लवादाने विचारावा. दुसरा घरच्यांनी, आणि तो आधी.